दहा दिवसांची भाषा आणि तिचे पूर्वज

संगणकाच्या तासाला जावास्क्रिप्टचे नाव निघाले, की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. पहिले असे, की ही भाषा अवघ्या दहा दिवसांत घाईघाईने तयार झाली. दुसरे असे, की म्हणून ती कच्ची आहे. खऱ्या अभ्यासकाने जावासारखी भारदस्त भाषा शिकावी आणि हिचा उपयोग वेबपानावरची बटणे हलविण्यापुरता करावा. पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे. दुसऱ्या वाक्यातला 'म्हणून' मात्र मला मान्य नाही. किंबहुना माझे म्हणणे असे, की या भाषेत जे सर्वांत चांगले आहे तेच आपण वर्गात झाकून ठेवतो आणि मग मुले अडखळली की भाषेला नावे ठेवतो.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. संगणक हा माझा प्रांत नव्हे. तरीही हे लिहितो आहे, कारण याच भाषेने एकदा मला एका विद्यार्थिनीसमोर चांगलेच तोंडघशी पाडले. तो प्रसंग पुढे येईलच. आधी जन्मकथा ऐका.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. त्यानंतरची पहिली काही वर्षे वेबपान हे छापील पानासारखेच स्थिर होते. पानावर एखादा अर्ज भरायचा असेल आणि त्यातली एक जागा चुकून रिकामी राहिली असेल, तर एवढीशी चूक कळण्यासाठीसुद्धा सगळा अर्ज दूरच्या संगणकाकडे पाठवावा लागे आणि तिकडून उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागे. त्या काळी बहुतेकांच्या घरी हा सगळा व्यवहार टेलिफोनच्या तारेवरून चाले, हे ध्यानात घ्या. पान पाहणाऱ्याच्याच संगणकावर थोडी अक्कल ठेवता आली तर किती बरे, असे कुणालाही वाटावे.

असे वाटणाऱ्यांत अमेरिकेतील कॅलिफोर्नियाची नेटस्केप ही कंपनी होती. तिचा नॅव्हिगेटर नावाचा ब्राउझर डिसेंबर १९९४ मध्ये बाहेर पडला होता. एप्रिल १९९५ मध्ये तिने ब्रेंडन आइक यांना नोकरीवर घेतले. त्यांना आमिष दाखविले होते ते असे, की ब्राउझरमध्ये 'स्कीम' ही भाषा बसवायची आहे. स्कीम ही एमआयटीमध्ये १९७५ साली जन्मलेली एक आटोपशीर, सुंदर भाषा. परंतु आइक रुजू होतात न होतात तोच वारे फिरले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा ही नवी भाषा पुढे आणली होती आणि नेटस्केपची तिच्याशी बोलणी चालू होती. जावा हाती आल्यावर दुसरी भाषा हवीच कशाला, असा प्रश्न कंपनीतच विचारला जाऊ लागला. दुसरी भाषा हवी असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की जावा ही पेशाने आज्ञावली लिहिणाऱ्यांची भाषा. पाने सजविणाऱ्या हौशी माणसांसाठी एक सोपी, धाकटी भाषा हवी. वाद मिटविण्याचा उपाय एकच होता, तो म्हणजे चालणारी वस्तू समोर ठेवणे. तेव्हा मे १९९५ मध्ये आइक यांनी दहा दिवसांत तिचा पहिला चालता नमुना उभा केला. वरून हुकूम होता: दिसायला ती जावासारखी दिसली पाहिजे.

आरंभी तिचे नाव होते मोका. सप्टेंबरात लोकांना चाचणीसाठी दिली तेव्हा ती लाइव्हस्क्रिप्ट झाली, आणि ४ डिसेंबर १९९५ रोजी नेटस्केप व सन यांनी मिळून जाहीर केले, की हिचे नाव जावास्क्रिप्ट. म्हणजे जावा हे नाव तिला रक्ताच्या नात्याने मिळालेले नाही. दोन कंपन्यांच्या सोयरिकीत मिळाले आहे. आजही कितीतरी विद्यार्थी 'जावा येते, म्हणजे जावास्क्रिप्ट येणारच' असे समजतात, त्याचे मूळ इथे आहे.

घाईची किंमत पडली, हे मी नाकारत नाही. एकच उदाहरण देतो. दोन गोष्टी समान आहेत का हे पाहण्यासाठी या भाषेत दोन बरोबर-चिन्हे लागोपाठ लिहितात. त्या चिन्हांनी विचारले तर शून्य ही संख्या आणि रिकामी अक्षरमाला, म्हणजे जिच्यात एकही अक्षर नाही ती, या दोन्ही समान ठरतात. शून्य ही संख्या आणि '०' या एका अक्षराची अक्षरमाला याही समान ठरतात. परंतु रिकामी अक्षरमाला आणि '०' ही अक्षरमाला एकमेकींना समान नाहीत! ज्या गोष्टी एकाच गोष्टीशी समान असतात त्या परस्परांशी समान असतात, हे युक्लिडपासून आपण मानत आलो. इथे तेच गळून पडते. पुढे तीन बरोबर-चिन्हांची कडक समता भाषेत आली, पण जुनी ढिली समता काढून टाकता आली नाही, कारण तोवर असंख्य पाने तिच्यावर विसंबून होती. ऑगस्ट १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये या भाषेची हुबेहूब जोड बसविली. जून १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचे प्रमाणपुस्तक छापले. दहा दिवसांतले बरे आणि वाईट दोन्ही असे दोन वर्षांत प्रमाण होऊन बसले.

आता मुद्द्याची गोष्ट. वरवरचे जावाचे कपडे काढले, तर या भाषेच्या अंगी दोन फार चांगले गुण दिसतात आणि ते दोन्ही जावाकडून आलेले नाहीत. एक स्कीमकडून आला. त्याचे वर्णन पुन्हा कधीतरी. दुसरा आला 'सेल्फ' नावाच्या भाषेकडून, आणि तो आहे वस्तूंविषयीचा.

तो समजण्यासाठी क्षणभर माझ्या प्रांतात या. एक किलोग्रॅम म्हणजे किती? २० मे २०१९ पर्यंत या प्रश्नाचे अधिकृत उत्तर असे होते: पॅरिसजवळ सेव्र येथे आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्थेच्या तिजोरीत प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक दंडगोल ठेवला आहे, त्याचे जेवढे वस्तुमान तेवढे. १८८९ साली तो मान्य झाला आणि त्याला म्हणत 'प्रोटोटाइप', म्हणजे आद्य नमुना. त्याच्या बरोबरीने बनविलेले दंडगोल देशोदेशी दिले गेले. आपल्याकडचा ५७ क्रमांकाचा, नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २०१९ नंतर मात्र किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकाच्या ठरीव मूल्यावरून ठरतो. फरक पाहा. जुने उत्तर एका प्रत्यक्ष वस्तूकडे बोट दाखवते, नवे उत्तर व्याख्या वाचून दाखवते.

आज्ञावलीच्या भाषांतही हेच दोन पंथ आहेत. या भाषांत 'वस्तू' म्हणजे काही माहिती आणि त्या माहितीवर करायच्या क्रिया यांची एक पुरचुंडी. नॉर्वेमध्ये ओल-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा रचली, तेव्हापासून वस्तू बनविण्याचा रूढ मार्ग असा झाला, की आधी व्याख्या लिहायची आणि तिच्यावरून हव्या तितक्या वस्तू पाडायच्या. या व्याख्येला 'क्लास' म्हणतात. आपण तिला साचा म्हणू. पेणच्या कारखान्यातला गणपतीचा साचा आठवा. साचा म्हणजे मूर्ती नव्हे. साच्याची कुणी पूजा करत नाही. त्यातून मूर्ती निघते ती सगळे अवयव घेऊनच निघते, आणि एकदा निघाली की मूर्तीचा साच्याशी संबंध संपला. नंतर साच्याची सोंड वळविलीत तर घरोघरच्या मूर्तींची सोंड वळत नाही. जावा ही या साचेवाल्या घराण्यातली भाषा.

१९८६ साली कॅलिफोर्नियातच, झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रात, डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांनी विचारले, की साचा हवाच कशाला? माणसे तरी कुठे व्याख्या सांगून बोलतात? घरी पाहुणे आले की आजी म्हणते, "धाकटी अगदी तिच्या आत्यासारखी, फक्त उंचीने कमी." यात आत्या ही व्याख्या नाही, जिवंत बाई आहे. एक खरी वस्तू आणि तिच्याहून जेवढे वेगळे तेवढेच सांगायचे, अशी ही रीत. हिच्यावर त्यांनी सेल्फ ही भाषा उभी केली. आइक यांना ती ठाऊक होती. साचे बांधायला वेळही नव्हता, आणि साचे तर थोरल्या जावाकडे होतेच. धाकटीसाठी त्यांनी सेल्फची रीत उचलली. सेल्फमध्ये एका वस्तूला अनेक पूर्वज असू शकतात, जावास्क्रिप्टमध्ये एकच. बाकी तत्त्व तेच.

हे तत्त्व संगणकाशिवाय, वर्गातच करून पाहता येते. चार कागदी चिठ्ठ्या घ्या. पहिलीवर लिहा: 'लांबी १ मीटर. गुरुत्वत्वरण ९.८. दोलनकाल: लांबीला गुरुत्वत्वरणाने भागा, वर्गमूळ काढा, २π ने गुणा.' हा आपला थोरला लंबक. दुसऱ्या चिठ्ठीवर एवढेच लिहा: 'लांबी ०.२५ मीटर', आणि तळाशी 'इथे नसेल तर थोरल्याला विचारा.' हा धाकटा लंबक. थोरल्याच्या चिठ्ठीच्या तळाशी लिहा: 'इथे नसेल तर मूळपुरुषाला विचारा.' तिसरी चिठ्ठी मूळपुरुषाची. तिच्यावर सर्व वस्तूंना लागणाऱ्या किरकोळ गोष्टी असतात. तिच्या तळाशी लिहा, 'पुढे कोणी नाही.' चौथी कोरीच ठेवा. एकेक चिठ्ठी एकेका मुलाच्या हाती द्या.

आता धाकट्याला विचारा: तुझा दोलनकाल किती? त्याच्याजवळ हा शब्दच नाही. तो थोरल्याला विचारतो. थोरल्याजवळ कृती सापडते. पण कृतीतली 'लांबी' कुणाची घ्यायची? इथे नियम असा, की कृती कुठेही सापडो, प्रश्न ज्याला विचारला होता त्याच्यापासूनच पुन्हा शोध सुरू करायचा. लांबी धाकट्याकडे आहे, ०.२५. गुरुत्वत्वरण त्याच्याकडे नाही, ते थोरल्याकडून ९.८ मिळते. उत्तर येते १ सेकंद. थोरल्याला हाच प्रश्न विचारा, २ सेकंद. कृती एकदाच लिहिली आणि दोघांना पुरली!

आता धाकट्याला चंद्रावर नेऊ. त्याच्या चिठ्ठीवर लिहा, 'गुरुत्वत्वरण १.६२'. लिहिताना वर कुणाला विचारायचे नसते. ज्याला सांगितले त्याच्याच चिठ्ठीवर लिहायचे. धाकट्याचा दोलनकाल आता सुमारे २.४७ सेकंद होतो, थोरल्याचा जागच्या जागी राहतो. हे खोडा, आणि त्याऐवजी थोरल्याच्या चिठ्ठीवरचे ९.८ खोडून १.६२ करा. धाकट्याच्या चिठ्ठीला कुणी हातही लावला नाही, तरी तोही चंद्रावर जाऊन पोहोचतो. साच्यातून निघालेल्या मूर्तीपेक्षा हे किती निराळे आहे, पाहिलेत? इथे नाळ तुटलेलीच नाही. वाचायचे तर वर विचारत जायचे, लिहायचे तर स्वतःपाशी. एवढ्यावर या भाषेतला वस्तूंचा सगळा संसार चालतो.

चौथी चिठ्ठी कोरी का ठेवली? ती वहीसाठी. तिच्यावर 'नोंदवही' असे नाव घालून ती थोरल्याच्या चिठ्ठीला टाचा. मग धाकट्याला सांगा, "तुझ्या नोंदवहीत १.०२ लिही." धाकटा आधी नोंदवही शोधतो. आपल्याजवळ नाही, म्हणून वर विचारतो, थोरल्याची वही त्याला सापडते आणि १.०२ तिच्यात जाते. चिठ्ठीवर नवा शब्द लिहिणे वेगळे, आणि सापडलेल्या वहीत नोंद करणे वेगळे. दहा धाकटे असले तरी दहाही जण त्या एकाच वहीत लिहीत बसतील.

माझी फजिती झाली ती इथे. आमच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी लंबकाचा प्रयोग घेतला होता. पाच लांब्या, प्रत्येकीची विरामघड्याळाने घेतलेली दहा दहा वाचने. ती भरली की दोलनकालाचा वर्ग आणि लांबी यांचा आलेख आपोआप काढणारे वेबपान तिने स्वतः लिहिले होते. तुम्हाला माहीत आहे, की हा आलेख तिरकी सरळ रेषा यायला हवा. आला तो सपाट आडवा. लांबी कितीही असो, दोलनकाल तोच! तिने दोन संध्याकाळी प्रयोगशाळेत बसून सगळी वाचने पुन्हा घेतली. पुन्हा आडवी रेषा. माझ्याकडे आली. मी आज्ञावली पाहिली. पुस्तकात शिकविल्याप्रमाणे तिने 'क्लास' लिहून लंबक बनविले होते, आणि नोंदवही नंतर सुचली म्हणून ती क्लासच्या प्रोटोटाइपवर एका ओळीत जोडली होती. मी जावा थोडीफार शिकलेला. मी ठामपणे सांगितले, "वही साच्यात घातलीस ना, मग प्रत्येक लंबकाला आपापली वही मिळालीच. दोष तिथे नाही, तुझ्या मोजण्यात आहे." बिचारी तिसऱ्यांदा मोजायला गेली. प्रदर्शनातून नाव काढून घ्यावे असे तिच्या मनात आले होते, हे मला नंतर कळले.

दोष मोजण्यात नव्हता. पाचही लंबक एकाच वहीत लिहीत होते, आणि प्रत्येक जण त्याच पन्नास वाचनांची सरासरी काढत होता.

चूक तिची नव्हती, फारशी माझीही नव्हती असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. मी चुकीचे चित्र मनात धरून ठाम बोललो. हे चित्र आम्हा दोघांच्या मनात कुठून आले? 'क्लास' या शब्दातून. हा शब्द जावास्क्रिप्टमध्ये जून २०१५ च्या आवृत्तीत आला, जन्मानंतर तब्बल वीस वर्षांनी. तो लिहिला म्हणजे आत साचा तयार होतो असे मुळीच नाही. आत त्याच चिठ्ठ्या आणि तळाची तीच 'वर विचारा' ही ओळ असते. क्लास ही तिच्यावर घातलेली झूल. तसे पाहिले तर झुलीची परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे. जावासारखी दिसावी या हुकुमामुळे आइक यांना पूर्वज दाखविण्याचा सरळ मार्ग भाषेत ठेवता आला नाही. तो 'न्यू' या जावाछाप शब्दाआड गेला. 'ही वस्तू घे आणि हिला पूर्वज मानणारी दुसरी बनव' असे सरळ सांगणारी क्रिएट नावाची सोय प्रमाणभाषेत यायला डिसेंबर २००९ उजाडावे लागले.

या विषयावर माझ्याशी वाद घालणारे माझे सहकारी शहाणे आहेत, आणि त्यांचे म्हणणे तुम्हाला सांगायला हवे. ते म्हणतात, क्लास लिहिल्याने आज्ञावली आटोपशीर होते, वाचायला सोपी जाते, व्यवसायात सगळे तसेच लिहितात. शिवाय नोंदवही क्लासच्या आत योग्य जागी लिहिली असती तर प्रत्येक लंबकाला आपली वही मिळाली असती. सगळे खरे. माझा विरोध क्लास वापरण्याला नाही, क्लासपासून सुरुवात करण्याला आहे. आपण आजही 'उष्णता वाहते' असे म्हणतो. एके काळी उष्णता हा खरोखरच एक द्रव आहे असे शास्त्रज्ञ मानत. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्यांना भोके पाडताना उष्णता निघतच राहते, संपत नाही, हे काउंट रम्फर्डने पाहिले आणि १७९८ साली मांडले. तिथे ती द्रवकल्पना अडली. 'वाहते' हा शब्द आपण सोडला नाही, पण तो बोलण्याची सोय आहे हे आपल्याला कळते. जावास्क्रिप्टमधला क्लास हा तशीच बोलण्याची सोय आहे, आणि हे विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कळले पाहिजे. त्याला चिठ्ठ्यांचा एक तास पुरतो.

पूर्वज जिवंत असणे हे वरदान आहे तसेच जोखमीचेही. जुन्या किलोग्रॅमचेच पाहा. शंभरेक वर्षांनी सेव्रचा दंडगोल आणि त्याच्या जोडीचे इतर दंडगोल यांची तुलना केली, तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचा फरक पडलेला दिसला. पण सेव्रचा दंडगोल हीच जर व्याख्या, तर तो हलका झाला असे म्हणताच येत नाही; बाकीचे सगळे जग जड झाले असे म्हणावे लागते! जावास्क्रिप्टमध्ये याच जातीचा पेच २०१८ साली खरोखर उद्भवला. भाषेतल्या सर्व याद्यांचा एक सामाईक पूर्वज आहे. मूटूल्स नावाच्या एका जुन्या साधनसंचाने याद्यांना सोयीचे व्हावे म्हणून त्या पूर्वजावरच 'फ्लॅटन' नावाची क्रिया परस्पर चिकटविली होती. पुढे प्रमाणभाषेलाच त्या नावाची क्रिया हवी झाली, आणि लक्षात आले की ती दिली तर मूटूल्सवर चालणारी जुनी पाने मोडतील. शेवटी प्रमाणभाषेने माघार घेतली आणि २०१९ च्या आवृत्तीत क्रियेचे नाव 'फ्लॅट' ठेवले. एका ब्राउझरपानाच्या सोयीसाठी कुणीतरी मूळपुरुषाच्या चिठ्ठीवर खरडले, आणि भाषेला स्वतःचा शब्द बदलावा लागला. साच्याचे चित्र मनात असेल तर ही गोष्ट समजतच नाही.

आणखी एक नवल सांगतो. सेल्फ ही भाषा सुंदर, पण हळू चालणारी. प्रत्येक वेळी 'वर विचारा' म्हटल्यावर वेळ जाणारच. तेव्हा अंगर यांच्या गटातील संशोधकांनी युक्ती केली: ज्या वस्तूंची ठेवण सारखी त्यांच्या ठेवणीचा एक नकाशा यंत्राने गुपचूप करून ठेवायचा, आणि एकदा सापडलेले उत्तर कुठे सापडले ते लक्षात ठेवायचे. पुढे सेल्फ मागे पडली. तिच्यावर काम केलेले लार्स बाक यांनी नंतर गूगलसाठी व्ही-एट हे जावास्क्रिप्टचे इंजिन बांधले. ते २००८ साली क्रोम ब्राउझरसोबत आले आणि ही 'खेळण्यातली' भाषा एकाएकी धावू लागली. त्यात याच जुन्या युक्त्या आहेत. नातीला वेग मिळाला तो आजीच्या ट्रंकेतून! गंमत अशी, की त्या गुप्त नकाशांना व्ही-एटच्या मंडळींत 'हिडन क्लास' म्हणतात. म्हणजे ज्या भाषेत साचा नाही तिच्या पोटात, वेगासाठी, यंत्र आपल्यापुरते साचे करतेच. माझ्या साचेवाल्या सहकाऱ्यांना हे वाक्य फार आवडते, म्हणून प्रामाणिकपणे नोंदवून ठेवतो.

ज्यांना चिठ्ठ्यांवरून संगणकावर जायचे आहे त्यांनी काही विकत घ्यायला नको. शाळेतल्या संगणकावर ब्राउझर असतो, आणि बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ ही कळ दाबली की आज्ञा लिहायचा फलक, म्हणजे कन्सोल, उघडण्याची सोय सापडते. भाषेचे मोजके शब्द इंग्रजीत लिहावे लागतात, पण वस्तूंना आणि गुणधर्मांना नावे देवनागरीतही देता येतात. 'थोरला', 'धाकटा', 'लांबी' हे तिला बिनतक्रार चालते. शिक्षकांना एक सुचवतो. धाकट्याला त्याचा पूर्वज विचारा, मग त्या पूर्वजाचा पूर्वज विचारा, आणि 'कोणी नाही' हे उत्तर येईपर्यंत मुलांना वर चढू द्या. दोन-तीन पायऱ्यांतच शिखर येते.

त्या मुलीच्या आलेखाचे सांगायचे राहिले. दोष माझ्या लक्षात आला नव्हता. तिलाच एके रात्री सुचले, की पाचव्या लंबकाला एकही वाचन न देता त्याच्या वहीत किती नोंदी आहेत ते विचारावे. उत्तर आले चाळीस. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या दारातच तिने मला गाठले आणि फळ्यावर पाच चौकोन व एकच वही काढून दाखविली. मग प्रत्येक लंबकाला स्वतःची वही दिली, जुनी वाचने पुन्हा भरली, आणि रेषा तिरकी झाली. सूत्राप्रमाणे तिचा चढ ४.०३ यायला हवा. तिचा आला ४.०६. तिसऱ्यांदा मोजलेली वाचने सर्वांत चांगली होती, असे ती मला अजून ऐकवते.